कैफियत ढब्बी घोडीच्या मुक्कामाची

आज्ञा जाहली की, ढब्बी घोडी घरी ठेवावी किंवा पागेत, या बाबे जो कलह माजला, जी मसलत पडली, जो वेढा बसला आणि अखेरीस जी फत्ते जाहली, ते वर्तमान साद्यंत लिहून हुजुरी गुजरावे. त्यावरून, शेजारच्या गच्चीवर उभे राहून ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस पुसून, आणि ज्यांनी पाहिले नाही परंतु जास्त सांगितले त्यांचे निम्मे वजा करून, हे लिहिले असे. चूकभूल असेल ती गच्चीवाल्यांची, लेखक निर्दोष.

पूर्ववृत्त ऐसे जे, बाईसाहेबांनी पोस्टाच्या खिडकीवर चौतीस वर्षे अंमल केला. समोर काच, काचेस भोक, आणि भोकातून रयत येई, तिकिटे पाकिटे घेई आणि चालती होई. रयतेचे डोळे तिकिटावर आणि बाईसाहेबांचे तोंडी एकच हुकूम, 'पुढचे'. चौतीस वर्षांत त्यांस पाहून कोणाचा चेहरा खुलला, ऐसे एकदाही घडले नाही. मग निवृत्तीचा दिवस उगवला आणि कचेरीने भिंतीवरचे घड्याळ नजर केले, आणि बाईसाहेब ते काखोटीस मारून घरी येत असता बागेपाशी ढब्बी दृष्टीस पडली. ढब्बी म्हणजे बारा वर्षे बागेत मुलांस पाठीवर घेऊन गोल फिरलेली, पोटाने विशाल, स्वभावाने संथ घोडी. आणि योग ऐसा की तीही त्याच दिवशी निवृत्त होत होती. उभयतांची दृष्टादृष्ट जाहली. बाईसाहेबांनी घोडी पदरी घेतली, आणि घड्याळ बागवाल्याकडेच राहिले.

घोडी ठेवावी कोठे, हा विचार घोडी घेतल्यानंतर सुचला. तेव्हा शहराबाहेर जी भाड्याची पागा आहे, जेथे लोकांची घोडी सांभाळतात, तेथे ढब्बी दाखल केली. त्या पागेचे मोतद्दार म्हणजे घोड्यांचे दाणापाणी करणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस लहानथोर सर्व मामा म्हणत. बाईसाहेब रोज दोन बस बदलून जात, खरारा करीत, गाजरे चारीत आणि परत येत. ऐसे आठ महिने लोटले. परंतु मामांची बादली दुरून वाजली की ढब्बी मान उंचावून खिंकाळे, आणि बाईसाहेब समोर ठाकल्या तरी कान देखील न हलवी. एके मंगळवारी तर बाईसाहेब गाजर पुढे धरून उभ्या असता ढब्बीने सरळ पाठ केली, आणि मामांकडे पाहून ऐसी खिंकाळली की पागेतील बाकीची घोडी थक्क जाहली. बाईसाहेब परतीचे बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि रडल्या. एवढ्या मोठ्या दुनियेत आपणांस पाहून एका जिवाने तरी आनंदाने ओरडावे, इतकीच त्यांची हौस होती, आणि ती एक घोडी सुद्धा पुरवीना.

मग त्याच दिवशी स्वयंपाकघरात दरबार भरला. बाईसाहेबांचे यजमान मास्तर, पेशाने शिंपी, गळ्यात टेप धारण करून स्टुलावर बसले. मास्तरांची थोरली बहीण, वन्संसाहेब, खुर्चीवर बसल्या, कारण त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसत नसे. बाईसाहेब उभ्याच राहिल्या आणि त्यांनी जाहीर केले की ढब्बी घरी येईल आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघरास लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहील. हे ऐकताच वन्संसाहेबांचा चेहरा उतरला. त्या शेडमध्ये त्यांची तीन कपाटे होती. किल्ल्या नऊ वर्षांमागे हरवल्या होत्या, सबब आत काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते, आणि म्हणोनच ती त्यांस प्राणाहून प्रिय होती.

वन्संसाहेबांनी प्रथम माश्यांची तोफ डागली, मग लिदीची, आणि मग पहाटेचे दाणापाणी कोण करणार याची. तितक्यानेही किल्ला ढळेना, तेव्हा बोलिल्या, "अगं, चार दिवस कुठं जायचं झालं तर? घोडी म्हणजे काय मांजर आहे, शेजारी वाटीभर दूध ठेवतील म्हणायला?"

बाईसाहेब म्हणाल्या, "वन्सं, तिथे ती मामांची आहे. इथे आली की माझी होईल."

मास्तर बहुत शहाणे. दोघींच्या बोलण्यात आपण नसावे म्हणोन सुईत दोरा ओवीत होते, आणि तो दोरा अर्धा तास ओवला जात होता. परंतु मान वर करिता बाईसाहेबांचे डोळे सुजलेले दिसले, आणि मास्तरांचे काळीज हलले, आणि हुकूम सुटला की कपाटे माडीवर जातील, घोडी घरी येईल, आणि तिची जागा मास्तर जातीने आपल्या मापाने करवून देतील. मग फोनवरून मामांस कळविले. मामांनी अर्ज केला की, "घोड्याला घोडं लागतं, बाई. एकटं रमत नाही. पण मालक तुम्ही." हा अर्ज ऐकून घेतला आणि बाजूस ठेवला.

आता मास्तरांची कीर्ती सांगणे प्राप्त आहे. एकतीस वर्षांत त्यांनी शिवलेला एकही कपडा उसवण्यास परत आला नव्हता. ढगळ काम म्हणजे मास्तरांस साक्षात अपमान. ऐसे ते मास्तर टेप, खडू आणि वही घेऊन खासा पागेत दाखल जाहले आणि ढब्बीचे माप घेऊ लागले. छाती घेतली, लांबी घेतली, कानापर्यंत उंची घेतली, आणि पोटापाशी येऊन, रिवाजाप्रमाणे, "श्वास सोडा" म्हणाले. ढब्बीने सोडला. मग वहीत नोंद जाहली: गिऱ्हाईक ढब्बी, अंग भारी, ढिलाई दोन बोटे. आणि बाईसाहेबांस पुसले, "पुढे वजन वाढेल का? तसं असेल तर आत कापड सोडतो." बाईसाहेब म्हणाल्या की वाढणार नाही, डॉक्टरांनी दाणा कमी केला आहे. मामा बादलीवर बसून सर्व पाहत होते आणि मिशीत हसत होते.

त्या मापावर शेडच्या आत फळ्यांचे ठाण, म्हणजे घोडी उभी करण्याचा कप्पा, उभे राहिले. सुताराने करवत थांबवून शंका काढली, "मास्तर, जनावर वळणार कसं?"

मास्तर म्हणाले, "माझी पँट घालून कोणी आतल्या आत वळतं का?"

सुताराने करवत पुन्हा चालू केली. ठाणाचे तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीस भिडविले, जेणेकरून घोडीचे मुख बाईसाहेबांचे समोर राहावे, आणि दार मागील अंगास ठेविले. फळ्यांची टोके मास्तरांनी स्वतः घासली, आणि काम ऐसे साधले की वन्संसाहेबांनी देखील, कोणी ऐकत नाही असे पाहून, "फिटिंग छान आहे" म्हटले.

मग रविवारी सकाळी ढब्बी पागेतून कूच करून निघाली. अग्रभागी बाईसाहेब लगाम धरून, मध्ये ढब्बी, पिछाडीस मास्तर फावडे आणि घमेले घेऊन, कारण मार्गात जे पडेल ते उचलणे हा शहराचा कायदा. सिग्नलास स्वारी थांबली आणि एका रिक्षावाल्याने मुजरा केला. दोन घटिकांत सैन्य अंगणात डेरेदाखल जाहले. गच्च्या भरल्या होत्या. ढब्बीने ठाण पाहिले, खिडकीत ठेविलेली गाजरे पाहिली, आणि एकेक पाऊल टाकीत आत शिरली, आणि शिरली ती ऐसी बसली की दोन्ही अंगांस बरोबर दोन बोटे अंतर, न एक सूत कमी, न एक सूत जास्त. गच्चीवरून टाळ्या पडल्या. मास्तरांचे ऊर भरून आले.

टाळ्या थांबल्या आणि मग सर्वांस एकाच वेळी तेच उमगले.

ढब्बी वळू शकत नव्हती, हे तर मापातच होते. परंतु बारा वर्षे बागेत गोल फिरलेली ती घोडी, मागे सरणे म्हणजे काय, हे तिच्या गावीही नव्हते. मास्तरांनी खिडकीतून वाकून पुढून ढकलले तर ती त्यांचे खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. शेपटीकडून बोलाविले तर कान मागे केले, परंतु पाय नाही. ऐसा वेढा बसला, आणि वेढा ऐसा की किल्ला घोडीच्या अंगास चिकटलेला. थोड्या वेळाने ढब्बीस आपण अडकलो हे कळले, आणि तिचे डोळे पांढरे जाहले, आणि एक लाथ ऐसी बसली की माडीवर वन्संसाहेबांच्या कपाटांत काहीतरी खुळखुळले.

फोनवर मामांनी फर्मान दिले, "एका बाजूच्या फळ्या काढून तिला मोकळी करा. आणि बाई, तुम्ही समोरून हलू नका. बोलत राहा. काय बोलता ते तिला कळत नाही, पण आवाज थांबला की घाबरेल."

मग बाईसाहेब खिडकीत स्टूल ओढून बसल्या. पुढ्यात खिडकी, खिडकीपलीकडे तोंड, म्हणजे चौतीस वर्षांची तीच बैठक. परंतु या वेळी काच नव्हती, आणि समोरचे जाण्याच्या घाईत असले तरी जाऊ शकत नव्हते. काय बोलावे हे सुचेना, तेव्हा त्यांनी साध्या पत्राचे नियम सांगितले, मग रजिस्टरचे, मग पार्सल कसे बांधावे ते. ते संपले तेव्हा कचेरीतील पंखा सांगितला जो फक्त साहेबांवर वारा घाली, आणि एक म्हातारी सांगितली जी दर सोमवारी येऊन आपले पत्र आले का पुसे आणि जिला एकदाही आले नाही. तो सोमवार सांगताना बाईसाहेब थांबल्या, आणि ढब्बीने नाक पुढे करून त्यांचे मनगटास लावले. "सांगते, सांगते," बाईसाहेब म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या.

तिकडे मास्तरांवर प्रसंग गुदरला. एकतीस वर्षांत जे केले नाही ते करणे आले, म्हणजे उसवणे, आणि तेही गच्चीवाल्यांचे देखत. हातोडीचा आवाज घोडीस सोसेना, म्हणोन एकेक खिळा पकडीने, टाका काढावा तैसा, हळूच काढिला. वन्संसाहेब खुर्ची सोडून खाली आल्या, ही गोष्ट इतिहासात प्रथमच घडली, आणि त्यांनी निघालेल्या फळ्या धरिल्या आणि बाईसाहेबांस चहा दिला आणि ढब्बीस, नको नको म्हणत, बिस्किटांचा अख्खा पुडा. दुपार कलताना उजवी बाजू पूर्ण उघडली, आणि ढब्बी आडवी पावले टाकीत बाहेर आली आणि अंग झाडून उभी राहिली.

आता खरी मसलत. ठाण मोठे करून घोडी घरीच ठेवावी, ऐसे मास्तरांचे मत पडले, आणि वन्संसाहेबांनीही, बिस्किटे पुन्हा आणवू, म्हटले. म्हणजे शत्रुपक्ष शरण आला होता आणि किल्ला हाती होता. परंतु बाईसाहेब ढब्बीकडे पाहत होत्या. ढब्बी फाटकाशी जाऊन रस्त्याकडे कान लावून उभी होती. एक बस गेली, एक सायकल गेली, घोडा कोणी गेला नाही. तरी ती कान खाली घेईना.

बाईसाहेब म्हणाल्या, "इथे तिला मी आहे. पण मी घोडा नाही ना. तिला पागेतच नेऊ या."

पागेत नेणे म्हणजे मामांची करून टाकणे, हे त्यांस पुरते ठाऊक होते. सायंकाळी मामा आले, आणि ढब्बी त्यांस पाहून खिंकाळली, आणि बाईसाहेबांनी लगाम त्यांचे हाती दिला आणि फाटक स्वतः उघडले.

दुसरे दिवशी, रिवाजाप्रमाणे, बाईसाहेब दोन बस बदलून पागेपाशी उतरल्या. मामा कुरणाच्या पलीकडल्या टोकास भरली बादली घेऊन उभे होते आणि ढब्बीचे तोंड बादलीत होते. बाईसाहेबांनी कुंपणाशी येऊन, कालच्याच सुरात, हलकेच म्हटले, "काल त्या सोमवारच्या म्हातारीपर्यंत आलो होतो." तोच ढब्बीने बादलीतून तोंड काढिले, आणि दाणा ओठांवर तैसाच घेऊन, मामांस मागे टाकून, सर्व कुरण ओलांडून ती पोट हलवीत धावत आली, आणि कुंपणापाशी मान उंचावून ऐसी खिंकाळली की मामांनी टोपी काढिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. घोडी पागेत कायम. शेडमध्ये कपाटे पुनः दाखल, कुलूपबंद. मास्तरांचे वहीत 'उसवणे' या सदरी पहिली नोंद, मास्तरांचे सहीनिशी. बिस्किटांचा पुडा दर मंगळवारी वन्संसाहेबांकडून रवाना. ढब्बी खिंकाळली तेव्हा बाईसाहेबांनी, ही हाक कोणास म्हणोन, आधी वळून आपल्या मागे पाहिले. मागे रस्ता होता, बस निघून गेली होती, रांगेत दुसरे कोणी नव्हते. ही खातरजमा करून मग लिहिले असे.