विलंबित सभासद

मृत्यू ही माणसाच्या आयुष्यातली अत्यंत गंभीर बाब असूनही तिच्याविरुद्ध आजवर कोणी लेखी हरकत नोंदवलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुकाट्याने मरत आली. ही ढिलाई खपवून न घेता काही दूरदृष्टीच्या मंडळींनी एक संस्था काढली. सभासद मेला की त्याचं शरीर गोठवून पोलादी टाकीत ठेवायचं आणि पुढे कधीतरी विज्ञानाला सवड झाली की त्याला उठवायचं, असा संस्थेचा साधा, सरळ कार्यक्रम होता. (टाकी आडवी असते. उभी ठेवली तर सभासद कोणाची तरी वाट पाहतोय असं वाटतं, आणि संस्थेला कोणतीही घाई सूचित करायची नाही.)

या संस्थेचं माहितीपत्रक तपासायला आलं एका निवृत्त मुद्रितशोधकांकडे. अडतीस वर्षं छापखान्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्तीनंतरही ते औषधाच्या बाटलीवरचं लेबल लाल पेन हातात घेऊनच वाचत. माहितीपत्रक त्यांनी तीनदा वाचलं. एकही चूक नाही. अनुस्वार जागच्या जागी, ऱ्हस्व-दीर्घ चोख. जी संस्था 'पुनरुज्जीवन' हा शब्द चौदा वेळा बिनचूक लिहू शकते ती ते करूनही दाखवणार, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

त्यांनी बायकोला सांगितलं. ती तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. मरण या विषयावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"अहो, पण उठून करणार काय?"

"राहिलेली कामं."

"कुठली?"

मुद्रितशोधक विचार करू लागले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाल्कनीचं दार घासतंय."

"त्याला दोनशे वर्षं कशाला हवीत? उद्या सुताराला बोलवा."

"तूही नाव घाल ना. दोघांचा अर्ज एकत्र घेतात."

"मला नको ती टाकी. तीस वर्षं लोकांना उठवून बसवण्यात गेली माझी. मेल्यावर तरी कोणी मला उठवू नका."

तेव्हा एकट्याचाच अर्ज भरायचं ठरलं. संस्थेच्या दालनात गर्दी होती. (पाहणीनुसार चौऱ्याण्णव टक्के अर्जदार दोन शतकं थांबायला तयार आहेत. त्यातले एकाहत्तर टक्के वीस मिनिटं रांगेत थांबावं लागलं म्हणून सल्लागारबाईंच्या अंगावर ओरडले.) अर्जाची भाषा पाहून मुद्रितशोधकांचे डोळे निवले. 'मृत' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मेलेल्याला 'विलंबित सभासद' म्हटलं होतं, मागे राहणाऱ्यांना 'तूर्तचे नातेवाईक'. एकूण रकाने चाळीस.

तेविसाव्या रकान्यात विचारलं होतं : 'पुनरुज्जीवनानंतर सध्याचा जोडीदार कायम ठेवायचा आहे काय?' पर्याय तीन : होय, नाही, त्या वेळी पाहू.

मुद्रितशोधकांनी 'त्या वेळी पाहू'वर खूण केली.

यात त्यांचा काडीचाही वाईट हेतू नव्हता. शेवटचं प्रूफ हातात येईपर्यंत कशालाही अंतिम म्हणायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. पण साक्षीदार म्हणून बायकोची सही लागत होती, आणि सही करण्यापूर्वी कागद वाचायचा, ही तिची.

"हे काय?"

"अगं, ते तसं नाही. पुढची परिस्थिती ठाऊक नसताना ठाम विधान करणं बरं नाही. म्हणून आपलं..."

"बेचाळीस वर्षांनंतर 'त्या वेळी पाहू'?"

"पण तूच तर नाही म्हणालीस!"

"मी टाकीला नाही म्हटलं होतं. तुम्हाला नाही."

एवढं बोलून तिने सही केली, तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावलं. त्यानंतर घरातला संवाद चार दिवस वैद्यकीय बाबींपुरता उरला. "गोळी घेतलीत?" "घेतली." जेवण वेळेवर मिळत होतं, कपडे घडी घालून मिळत होते, आणि मुद्रितशोधकांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. कपड्यांची घडी एखाद्याच्या तोंडावर दार लावावं तशी घालता येते, हे त्यांना बेचाळीस वर्षांत प्रथमच कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी, घरात काही न बोलता, ते अर्जात दुरुस्ती करायला संस्थेत गेले.

"खाडाखोड चालत नाही," सल्लागारबाई गोड आवाजात म्हणाल्या. "दुरुस्ती पुनरुज्जीवनानंतर करता येते."

ज्या माणसाने अडतीस वर्षं जगाची खाडाखोड केली त्याला स्वतःची एक खूण खोडता येईना. ते तसेच उभे राहिलेले पाहून बाईंना दया आली. "आलाच आहात तर सराव करून जा. पंधरा मिनिटं. टाकीत नुसतं पडून राहायचं. नव्या सभासदांची भीड चेपते."

सरावाच्या खोलीत सहा टाक्या होत्या. ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याने त्यांना चौथीत झोपवलं, झाकण लावलं, बाहेरून खिट्टी घातली, चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग त्याची ड्यूटी संपली. दुसरा कर्मचारी आला. आधीच्याच्या कागदांना हात लावायचा नाही, असा नियम होता. तो त्याने काटेकोरपणे पाळला.

झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेच्या नळीशेजारी, बारीक दिव्याखाली एक सूचना होती : 'कृपया घाबरू नये.' मुद्रितशोधकांनी ती तपासली. निर्दोष होती. त्यांनी ती शंभरएक वेळा तपासली. मग हाका मारल्या. टाकीचं काम उत्तम होतं. आवाज बाहेर जात नव्हता.

छापखान्यात कधीकधी एखादं प्रूफ कोणाच्या तरी टेबलावर दुसऱ्या कागदांखाली जाई आणि पुस्तक त्याच्याशिवायच छापून होई. कोणाचं काही अडत नसे. आपलं तेच झालंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. मरणाची भीती त्यांना वाटली नाही. वाटली ती याची. आपण नाहीसे झालोय हे कोणाच्या लक्षात येईल, याची ते मनाशी यादी करू लागले. यादी एका नावापाशी सुरू झाली आणि त्याच नावापाशी संपली. त्या नावाशी सध्या बोलणं बंद होतं.

इकडे घरी दुपारची गोळी डबीत तशीच राहिलेली बायकोने पाहिली. ती अर्धा तास थांबली. मग अर्जाची पावती जागेवर नाही हे पाहून चपला घालून संस्थेकडे निघाली.

"माझा नवरा कुठाय?" तिने सरावाच्या खोलीत विचारलं.

"बाई, आमच्याकडे नवरे नसतात," दुसरा कर्मचारी म्हणाला. "विलंबित सभासद असतात."

"त्यांना उशीर झालाय म्हणूनच आलेय."

तिने पहिली टाकी उघडली. रिकामी. दुसरी, तिसरी. कर्मचारी मागून सांगत होता की पुनरुज्जीवन मान्यताप्राप्त पद्धतीनेच करावं लागतं. तिने चौथीची खिट्टी काढली.

"अहो, उठा."

मुद्रितशोधकांनी डोळे किलकिले केले. बायकोने त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली आणि मोजून झाल्यावरही मनगट सोडलं नाही.

"किती वाजले?"

"तीन."

"मला वाटलं, दोनशे वर्षं झाली."

"चारच दिवस झालेत," ती म्हणाली.

ते उतरले ते थेट सल्लागारबाईंच्या टेबलापाशी गेले, आपला अर्ज मागून घेतला, खिशातलं लाल पेन काढलं आणि तेविसाव्या रकान्यातली खूण सरळ छाटून समासात ठसठशीत 'होय' लिहिलं. खाली सही केली. अर्ज खाडाखोडीच्या कारणावरून तत्काळ रद्द झाला. दोघं पायीच घरी गेली. वाटेत ती रागावून बरंच काही बोलत होती. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते आणि एकाही वाक्यात त्यांनी चूक काढली नाही.

संस्थेने मात्र या घटनेची योग्य ती दखल घेतली. वार्षिक अहवालात नोंद आली : 'चालू वर्षातील पुनरुज्जीवने : एक. यशाचे प्रमाण : शंभर टक्के. वापरलेले तंत्र : हाक मारणे.' अर्जात एक्केचाळिसावा रकानाही वाढवण्यात आला : 'आपण वेळेवर परतला नाहीत तर आपल्याला शोधत येणाऱ्या व्यक्तीचे नाव. ती अंदाजे किती तासांनी निघेल, तेही लिहावे.'

तेव्हापासून अर्ज पुष्कळ नेले जातात. भरून फारसे परत येत नाहीत. सल्लागारबाई सांगतात की लोक पहिले चाळीस रकाने झरझर भरतात आणि एक्केचाळिसाव्यापाशी थांबून उगाच खिडकीबाहेर पाहत बसतात. आपण आत्ता पाहत बसलात ना, तसेच. (नाव एकच पुरे. अर्ज निळ्या शाईत भरावा.)