गावंडे काकाजींचा ओटा

गावंडे काकाजी बिडी पेटवण्याआधी हरकती मागवतात. म्हणजे खरोखरच मागवतात. बिडी ओठांत, काडी पेटीवर टेकवलेली, आणि काकाजी पूर्वेकडे तोंड करून विचारतात, "हरकत?" मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे. आसपास कुणी नसलं तरी विचारतात. एखाद्या दिशेला बकरी उभी असली तर तिच्याकडे जरा जास्त वेळ बघतात. मग "हरकत नाही आली" असं स्वतःशीच म्हणून काडी ओढतात.

कुणी हरकत घेतलीच, तर काकाजी वाद घालत नाहीत. बिडी कानावर ठेवतात आणि चालू लागतात, हरकत घेणारा कुणी नाही अशी जागा मिळेपर्यंत. तिवशाच्या बाजारात एकदा असे चालता चालता ते गावाबाहेर पोचले होते. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, ते स्वतःच अभिमानाने सांगतात.

ही सवय नोकरीतली. काकाजी सरकारी मोजणीदार होते. कुणाचं शेत कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, ते मोजून दाखवायचं हे त्यांचं काम. मोजणीआधी चारही बाजूंच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यायची, त्यांची हरकत ऐकून घ्यायची, मगच टेप टाकायचा. परतवाड्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंत किती भावाभावांची भांडणं त्यांनी अशी मिटवली, याची गणती नाही. काही त्यांच्या मोजणीमुळे लागलीही असतील, पण ती ते सांगत नाहीत. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी टेप अजून पायजम्याच्या खिशात असतो.

"गुरुजी, जगातले समदे झगडे हद्द न मोजल्यानं होतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मोजमापाचं मला वावडं नाही. पण अमरावतीच्या या कॉलनीत आठ वर्षं काकाजींच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यावर, काही गोष्टी माणसाने अंदाजावर सोडाव्यात अशा मताचा मी झालो आहे.

अकोल्याचंच घ्या. आम्ही दोघं एका लग्नाला गेलो होतो आणि परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभे होतो. भिंतीवर ठळक पाटी होती, धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे. काकाजींना पाटी एकदम मान्य. त्यांनी फक्त तिथल्या सुरक्षारक्षकाला गाठलं.

"भाऊ, हे पाटी कुठलोक लागू हाय?"

"पुऱ्या स्टँडभर."

"अन् स्टँड कुठं संपते?"

"थे तिकडं," असं म्हणून त्याने हात फिरवला. त्या हाताच्या घेरात अर्धं अकोला आलं.

"तिकडं म्हंजे फाटकाच्या आतून का बाहेरून?"

माणूस भला होता. त्याने डोकं खाजवलं. "काकाजी, मले नाही मालूम. तुमी आपले रोडच्या पलीकडं जा ना."

"जातो. कायदा मानतो म्हनून तं इचारून राहिलो. पन किती पलीकडं, थे सांगा."

आणि टेप बाहेर आला. एक टोक माझ्या हातात देण्यात आलं. आम्ही फाटकाच्या खांबापासून मोजत निघालो तेवढ्यात अमरावतीची एक गाडी सुटली. काकाजींनी रस्त्याकडेला चपलेने रेघ ओढली, रेघेपलीकडे जाऊन उभे राहिले, चारही दिशांना हरकती मागवल्या आणि बिडी पेटवली, तेव्हा दुसरी गाडीही आमच्या समोरून गेली. कंडक्टरने हात हलवला. काकाजींनीही हलवला.

हे झालं गमतीचं. पण त्यांच्या बिडीमुळे माझ्या घरात जे चाललं होतं ते गमतीचं नव्हतं. माझ्या बायकोला, सुनंदाला, तीन वर्षांपासून दमा आहे. काकाजी रोज दुपारी चारला ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि सातपर्यंत सहा-सात बिड्या संपवत. ओट्यावरचा धूर सरळ आमच्या खिडकीत येई. सुनंदा खिडकी लावून घेई. उन्हाळ्यात, कूलरचं तोंड असलेली खिडकी बंद करून, ती तीन तास घामाघूम बसे. "सांगू का त्यांना?" म्हटलं तर म्हणे, "जाऊ द्या, म्हातारा मानूस हाय. एकटा हाय."

मी कॉलनी समितीचा सचिव झालो तो या एका खिडकीसाठी. आणि सचिव झाल्याबरोबर ठराव लिहिला: बाग, मंदिराचा परिसर, सर्व रस्ते आणि रस्त्यावरून दिसणारे सर्व ओटे येथे धूम्रपानास पूर्ण बंदी. बाग, मंदिर आणि रस्ते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतंच. "सर्व ओटे" हे शब्द मी घातले होते आणि ते एकाच ओट्यासाठी होते, हे सगळ्या कॉलनीला कळत होतं.

सभा हनुमान मंदिराच्या मंडपात भरली. काकाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, काखेत गुंडाळलेला कागद. तो त्यांनी सतरंजीवर पसरला. आमच्या कॉलनीचा नकाशा, हाताने काढलेला, उत्तर दिशेच्या बाणासकट. सार्वजनिक ते लाल, खाजगी ते हिरवं.

"बाग लाल. लेकरं खेळतात. बंदी पाह्यजे, माझी सही घ्या. मंदिर लाल. सही घ्या. रोड लाल, थोही घ्या." मग त्यांनी बोट एका चौकोनावर ठेवलं. "हा माझा ओटा. हिरवा हाय. अठी समितीचं काय काम?"

"काकाजी, धूर काई तुमच्या ओट्यावर बसून राहत नाही," मी म्हणालो. "थो हद्द पाहत नाही."

"बरोबर हाय. मंग ज्याले तरास होते त्यानं मले सांगावं. गुरुजी, मी रोज तुमच्या खिडकीकडं तोंड करून इचारतो. आठ वर्सं झाले. एक दिवस तरी 'हरकत हाय' म्हनले काय?"

मंडपात हशा पिकला. खरं होतं ते. रोज चारला "हरकत?" ऐकू यायचं आणि मी आतल्या आत दात-ओठ खायचो. त्या नाटकी प्रश्नाला खिडकीतून ओरडून उत्तर देणं माझ्या मास्तरकीला शोभत नव्हतं. त्याऐवजी मी सचिव झालो, ठराव लिहिला आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या.

"माझ्या बायकोले दमा हाय," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "चार ते सात खिडकी लावून बसते थे. मे महिन्यात पन."

हशा थांबला. काकाजींनी ओट्यावरचं बोट उचललं आणि नकाशावर शेजारच्या चौकोनावर, माझ्या घरावर ठेवलं.

"मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग मान वर केली. "पन ठरावाले माझी हरकत कायम हाय. आज माझी बिडी हाय, उद्या कोनाचा रेडिओ असन, परवा कोनाच्या घरी कोन येते थेही समिती पाह्यन. सार्वजनिक जागेत कायदा सांगन तसं वागीन. माझ्या दारात मले मानसानं येऊन सांगावं. ठरावानं नाही."

हात वर झाले. ओटे वगळून ठराव मंजूर झाला. पहिली सही काकाजींनी केली, मोठी, शिक्क्यासारखी. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी चारला सुनंदाने खिडकी लावली. धूर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओटा रिकामा, खुर्चीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "काकाजी दिसून नाही राहिले. पाहून या बरं."

"जिंकले ना थे? बसतीन आपले."

"जिंकलेल्या मानसाले भेटाले जात नसतात काय?"

मी गेलो. फाटक उघडताना माझ्या ध्यानात आलं की आठ वर्षांत हे फाटक मी फक्त गणपतीच्या वर्गणीसाठी आणि सह्यांसाठी उघडलं होतं. काकाजी परसात होते, पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत. तोंडावर मावळतीचं ऊन, हातात बिडी. कपडे वाळवायच्या तारेला धोतराची एक चिंधी बांधलेली होती.

"अठी काहून बसले, काकाजी? ओटा तं तुमचा राहिला."

"दुपारचा वारा ओट्यावरून तुमच्या घराकडं जाते," त्यांनी चिंधीकडे बोट दाखवलं. "अठून थो रिकाम्या प्लॉटकडं जाते. पाच दिवस पाहून राहिलो."

"मंग सभेत एवढे काहून भांडले?"

"थे हक्काचं होतं," काकाजी म्हणाले. "हे सुनंदा सुनबाईचं हाय."

मला लाज वाटली. खूप लाज वाटली. आणि लाज वाटल्यावर मास्तर माणूस जे करतो तेच मी केलं, रागावलो. "काकाजी, सोडा ना हे बिडी. छातीचं खोकं झालं तुमच्या. रात्रभर खोकता, आमाले ऐकू येते भिंतीतून. या वयात शोभते काय?"

मला वाटलं आता हक्क आणि हद्द निघणार. पण काकाजी उठले, आतून दुसरी खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "आमची मंडळी होती तवा दिवसातून धा खेपा टोके. ठेवा थे खाली म्हने. तिले जाऊन सात वर्सं झाले. पोरगा हैदराबादले, फोन करते, चांगला हाय, पन फोनवर त्याले बिडी कुठून दिसन? ओट्यावर बसलो का जाता-येता कोनी तरी टोके. दूधवाला टोके. थ्या समोरच्या बाई नाकाले पदर लावून टोकत. शिव्या देत, पन थांबत. अठी कोनी येत नाही. पाच दिवसांत तुमी पयले."

मी तिथंच ठरवलं. ठरवलं की मीही काही कमी हट्टी नाही. त्या दिवसापासून रोज पाचला मी काकाजींच्या परसात जातो आणि बिडीवरून त्यांना बोलतो. काही दिवस सुनंदाही भिंतीपलीकडून बोलते. तिची खिडकी आता उघडी असते. काकाजी माझ्यासाठी चहा टाकतात आणि निमूट ऐकून घेतात. बिड्या सहाच्या चार झाल्या, पावसाळ्यात दोन झाल्या. मी वर्गात पोरांना बोललो नसेन इतकं त्यांना बोललो आहे.

परवा गेलो तर त्यांच्या हातात काही नव्हतं. कानावरही नव्हतं. चहाचे दोन कप भरून ठेवलेले होते.

"आज एकही नाही ओढली," काकाजी म्हणाले, आणि माझ्याकडे जरा धास्तावून पाहिलं. "पन तुमी आलेच हाय, तं बसा ना थोडंसं."

मी बसलो. चहाचा घोट घेतला आणि या वयात चहात इतकी साखर टाकतात का म्हणून त्यांना दिवेलागणीपर्यंत बोललो.