इंजेक्टरला हळद

बहीण समृद्धीच्या हळदीच्या सकाळी कमलेशने वडिलांच्या जुन्या फियाटमधले चारही इंजेक्टर काढले. आधी नको म्हणून बाजूला ठेवलेला पाचवाही घेतला. सगळे पुसून समोरच्या रिकाम्या सुपात ओळीने मांडले आणि तो शेजारी बॅटरी मागायला गेला. परत येतो तर पाचही जणांना हळद लागलेली! तेलात कालवलेली, तोंडावर अगदी मायेने थापलेली.

"हे कुणी केलं?"

"मीनंच," हौसाआत्या म्हणाल्या. त्या कमलेशच्या वडिलांच्या, नाथाशेठच्या, थोरल्या बहीण आणि गावाच्या धवलारीण. लग्नाची गाणी गायच्या, विधीही तोंडपाठ. "सुपान मांडलेला, चमकताना दिसला. मना वाटला देवाचा हाय. पाचांनाबी लावली. कुनाला सोरला नाय."

"आत्या, ह्यातून इंजिनात पेट्रोलचा फवारा उडतो!"

"मंग उरू दे ना. मी कुटं आरवतंय?"

कमलेशने डोक्याला हात लावला. समृद्धी जन्मली तेव्हा नाथाशेठने तिला मानपाड्याच्या घरी याच गाडीतून आणलं होतं, आणि उद्या शहाडला सासरी याच गाडीतून धाडायचं, हा त्यांचा शब्द होता. जुना कार्बोरेटर पेट्रोल ढोसतो म्हणून कमलेशने तीन महिने राबून इंजिनाला नव्या पद्धतीचे इंजेक्टर बसवले. वायरिंग त्याचं, पाइप त्याने वाकवलेले. बघणाऱ्याने टोपी काढावी असं काम. पण चौघांचा फवारा सारखा हवा, आणि त्यातला एक कोणीतरी दगा देत होता. इंजिन लंगड्या बैलासारखं चालायचं.

"भाऱ्याची गारी सांग," नाथाशेठ म्हणाले. "फुलाबी तिलाच लाव." एवढं बोलून ते फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले.

कमलेशला ते बघवेना. मांडवापासून लांब, परसात त्याने एकेक इंजेक्टर पंपाला आणि बॅटरीला जोडला. हळद तर बाहेर काढायला हवी. भिंत खराब नको म्हणून दोरीवरचं हाताला आलं ते कापड समोर टांगलं. पाचही फवारे मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, ते बाबांचं लग्नात नेसायचं कोरं धोतर होतं.

"मेलो!" तो धोतर घेऊन नळाकडे धावला.

"दादा, थांब! धुऊ नको!"

मागच्या दारात समृद्धी उभी होती, कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात ती फवारे तपासायचं काम करायची. हळदीच्या हाताने कशाला शिवता येईना, म्हणून ती धोतरावरचे पिवळे डाग हनुवटीनेच दाखवू लागली.

"हा बघ, गोल. हा गोल. हापण. आणि हा? नुसती धार मारलीय. हाच तुझा चोर."

"तो निळ्या रिंगवाला आहे. सेटमधलाच."

"आणि हा पाचवा? एकदम मस्त गोल."

"तो तपकिरी. रंग वेगळा म्हणून मी बाजूला ठेवलेला."

"रंग बघून जोडी लावलीस? दादा, ब्लाउजपीस आहे का तो? भंगारातून आणलेलास ना? रिंग कुणी कधी बदलली असेल, काय माहीत! तपकिरी घाल. आणि चौघांचं पेट्रोल औषधाच्या मापात धरून बघ, दहा-दहा सेकंद."

धरून बघितलं. चारही मापं रेघेला रेघ. कमलेश बहिणीकडे बघतच राहिला.

"अशी काय नजर लावतोस? बसव लवकर, मला आत बोलावतायत."

तासाभराने नाथाशेठ गाडीत बसले. "चालू कर ना आता!"

"बाबा, कधीची चालू आहे."

"हलद लागली का सगली गप होतान," मांडवातून आत्यांचा आवाज आला.

दुसऱ्या संध्याकाळी पाठवणी झाली. समृद्धी रडली, मांडव रडला. कमलेशने गाडी काढली, ती लोण्यातून सुरी जावी तशी वळणावरून गेली आणि दिसेनाशी झाली. नाथाशेठ बाह्या सरसावून रस्त्यात उभे.

"कशी झ्याक गेली रं," आत्या म्हणाल्या. "मंग तोंड का पारलंस?"

"ह्या वलनाव ती कायम बंद परायची गं," नाथाशेठ बाह्या खाली ओढत म्हणाले. "मी धक्का मारायला तयार होतो. तेवराच आजून येकदा पोरीला बघला असता."