निखाडे भाऊंची पुडी

निखाडे भाऊ कोणालाच "कसे आहात" म्हणून विचारत नाहीत. ते विचारतात, "लोड किती?"

जिन्यात भेटोत, पार्किंगमध्ये भेटोत, नाहीतर कोणाच्या मयतीला. नवा माणूस गोंधळतो. पण बेसा भागातल्या या बिल्डिंगमधले आम्ही सगळे आता बरोबर आकडा सांगतो. साठ म्हटलं की माणूस ठीक. ऐंशी म्हटलं की भाऊंच्या कपाळाला आठी. "पीकवर चालून राहिले तुम्ही. या घरी, पुडी देतो."

भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे बॉयलर. टेन्शन आलं म्हणजे प्रेशर चढलं, अंगात त्राण नाही म्हणजे कोळसा ओला निघाला. आणि दोन्हीवर इलाज एकच, अश्वगंधा. अगदीच वाकडी केस असली तर जोडीला ब्राह्मी.

बाजारातलं तयार चूर्ण त्यांना चालत नाही. ते स्वतः इतवारीच्या पेठेत जातात, एकेक मुळी मोडून नाकाशी धरतात आणि दुकानदाराचा जीव खातात. घोड्याचा वास आला तरच मुळी अस्सल म्हणे. मी एकदा विचारलं, भाऊ, तुम्ही घोड्याचा वास घेतला कधी? जरा विचारात पडले. मग म्हणाले, "माह्या लग्नात. खूप वेळ बसून होतो त्याच्यावर."

सोसायटीच्या मीटिंगचा किस्सा तर आमच्याकडे अजून सांगतात. पार्किंगवरून दोन घरांची जुंपली होती आणि त्या दिवशी हातघाईवर येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. भाऊ सुरुवातीलाच मोठी किटली घेऊन आले आणि एकेकाला ब्राह्मीचा काढा पाजला. अर्ध्या तासात भांडण निवलं. भांडणारे निवले. सेक्रेटरी तर खुर्चीतच घोरायला लागले. पार्किंगचा निकाल आजपर्यंत लागला नाही, पण भाऊ ती मीटिंग आपल्या यशात धरतात.

पुडीचे नियम कडक. आधी भाऊ विचारणार, डॉक्टरच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत. मग पुडी मिळणार ती एकाच दिवसाची. आठवड्याची एकदम द्या म्हटलं तर नाही, हवा लागून पॉवर जाते म्हणतात. आणि ती घरी न्यायची नाही. त्यांच्याच घरी, कोमट पाण्यासोबत, खुर्चीवर बसून घ्यायची. घेतल्यावर दहा मिनिटं उठायचं नाही. "पसरू द्या थे अंगात. घाई काहून करून राहिले?"

लोक एकदा जात, दोनदा जात. मग त्यांना ऑफिस असे, मुलांची शाळा असे. रोज नेमानं जाणारी मी एकटीच. मुलगा-सून नऊला घराबाहेर पडले की मी दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची.

भाऊ तळमजल्यावर एकटे राहतात. बायको प्लांटच्या कॉलनीत असतानाच गेली, लेक दिली जबलपूरला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू असतो, चुलीवर काही असो-नसो. मी एकदा बंद करायला गेले तर म्हणाले, राहू द्या वैनी. प्लांटमध्ये चोवीस तास घरघर असायची. ती थांबली की समजायचं, काही तरी बिघडलं. आता नुसतं शांत असलं तरी छातीत धस्स होतं.

असं वर्ष गेलं. मला गुण आला होता, खोटं कशाला सांगू. दोन मजले न थांबता चढायला लागले होते. जो भेटेल त्याला मी अश्वगंधेचं कौतुक सांगायची. ते ऐकून सुनेनं ऑनलाइन कॅप्सूलची बाटलीच मागवली. म्हटलं बरं झालं. म्हातारा माणूस रोज माझ्यासाठी मुळ्या कुटतो, सुटेल बिचारा.

तीन दिवस कॅप्सूल घेतल्या, खाली गेलेच नाही. चौथ्या दिवशी बाटली दाखवायला गेले. भाऊंनी दार उघडलं ते लगबगीनं. पाण्याचं भांडं गॅसवर होतंच. मी म्हटलं, भाऊ, आता तुमचा त्रास वाचला.

त्यांनी चष्मा लावून बाटली पुढून वाचली, मागून वाचली. किती घेतल्या, विचारलं. छातीत धडधडतं का, विचारलं. मी म्हटलं, धडधडतं थोडं, पण मला वाटलं ताकद येत असेल.

भाऊ उठले आणि त्यांनी एक्झॉस्ट फॅन बंद केला. मग समोर येऊन बसले.

"वैनी, हे बंद करा. तुमची थायरॉईडची गोळी चालू आहे. डॉक्टरले विचारल्याबिगर अश्वगंधा नाही घ्यायची तुम्ही."

"अन् वर्षभर तुम्हीच तं देऊन राहिले होते?"

ते बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. घट्टच होतं ते.

"तुमच्या पुडीत कधीच नव्हती. बडीशेप होती, खडीसाखर, चिमूटभर सुंठ."

मी अशी संतापले! वर्षभर गावभर सांगत फिरले मी! काहून फसवलं म्हटलं.

"पहिल्या दिवशी नाहीच म्हणणार होतो," भाऊ म्हणाले. "पण तुम्ही चप्पल काढून आत येऊन बसल्या होत्या. नाही म्हटलं असतं तं उठून गेल्या असत्या."

मी तडक वर आले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं आणि बाटली बंद करवली. दोन-तीन दिवसांत धडधड गेली. राग गेला नाही. पण रागात एक गोष्ट डोक्यात येतच राहिली. भाऊंनी मला काहीच सांगितलं नसतं, तर मला कधी कळलं असतं? कबूल केलं तर मी पुन्हा यायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी सांगितलं.

आणि मी तरी दोन मजले चढत होते ते कशाच्या जोरावर, बडीशेपेच्या?

आठवड्यानं खाली उतरले. भाऊंनी दार उघडलं, पण बाजूला काही सरकले नाहीत.

"आता काय देऊ तुमाले?" म्हणाले.

काही नको म्हटलं. नुसती बसायला आली.

मी चप्पल काढली. ते खुर्ची पुसायला लागले. आम्ही दोघंही अवघडून बसलो, कारण औषधाशिवाय काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या सगळ्या गोळ्या त्यांना पाठ होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "वैनी, तुमचं नाव काय हो?"

मी आई आहे, आजी आहे, दोनशे तीनवाल्या काकू आहे. नाव सांगताना मलाच जरा थांबावं लागलं. इंदुमती, म्हटलं.

"इंदुताई," भाऊ म्हणाले. मग घड्याळाकडे पाहिलं. "थायरॉईडची गोळी आज किती वाजता घेतली?"

उठायला उशीर झाला होता, म्हणून साडेआठला, असं मी सांगितलं.

"मंग बसा. तासभर झाल्याबिगर चहा नाही घ्यायचा. अजून वीस मिनिटं आहेत."

मी बसले.