साधनाताईंच्या मोटारसायकलचं वाढलेलं वजन

मी, गोरक्ष शिरसाट, सिडकोतला एकमेव खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, नाक वडिलांचं. माणूस जिना चढत असतानाच त्याने काय खाल्लंय हे मी ओळखतो. नाशकात उत्तर बहुतेक वेळा मिसळ असतं. मोहिनी ही माझी बायको आणि सहायक. तिला पगार नाही, पण मत आहे.

त्या दिवशी शेजारच्या साधनाताई आल्या. "गोरक्षभाऊ, ह्यांच्या गाडीचं वजन कुणीतरी वाढवलं हो."

गाडी म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांची मोटारसायकल. ते हिच्यावरून रोज ओझरच्या विमान कारखान्यात जायचे. जन्मभर विमानं बनवली, त्यात बसायचं मात्र राहून गेलं. आता मुलीचं, हर्षालीचं, कॅनडात लग्न होतं आणि तिला हॉलवर वडिलांच्या गाडीवरूनच यायचं होतं. जहाजाने गाडी पोचेपर्यंत लग्न उरकलं असतं, म्हणून विमान. गाडी लाकडी पेटीत गेली, काट्यावर चढली, आणि माल पाठवणाऱ्या कंपनीने भाडं लावलं ते काट्यावरच्या वजनाच्या दुपटीचं.

"एवढं मला नाही झेपायचं. घोटीचं एक गिऱ्हाईक मागतंय, त्याला देऊन टाकते," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मलाही गलबलून आलं. गुप्तहेराने गलबलायचं नसतं, म्हणून मी भिंग पुसलं.

"कंपनीला फोन करून विचारू या का?" मोहिनी म्हणाली.

"विचारून कळलं तर त्याला तपास म्हणत नाहीत."

पेटी खाली पार्किंगमध्ये होती. फळी सरकवून मी टाकीत नाक घातलं. थेंब नाही. पेट्रोलची चोरी झाल्याचं मी जाहीर केलं.

"विमानात चालत नाही म्हणून मीच काढलं ते," साधनाताई म्हणाल्या.

म्हणजे गाडीत सोनं लपवायला जागा झाली. मी सायलेन्सरमध्ये बोट घातलं. ते बाहेर काढायला खोबरेल तेल लागलं.

बोट चोळता चोळता मला उलगडा झाला. "कुणीतरी ह्या पेटीत लपून फुकटात कॅनडाला निघालंय."

"गाडीच्या वजनाचा माणूस?" मोहिनीने विचारलं.

"दोघं असतील."

त्यांना रंगेहाथ पकडायला मी स्वतःच पेटीत शिरलो. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि उशी. गाडीशेजारी पाय पसरून बसलो, जेवलो आणि विचार करता करता आडवा झालो.

"अहो, तुम्ही आत मावलात कसे?" मोहिनीच्या आवाजाने जाग आली.

"अनुभव," मी म्हणालो.

"उशीसकट?"

ती साधनाताईंकडे वळली. त्या ओशाळल्या. "सुताराला मीच सांगितलं होतं, बाजूला ऐसपैस जागा ठेव म्हणून. हर्षालीला कुरडयांचे डबे द्यायचे होते, दाबले की चुरा होतो. मग कंपनी म्हणाली, गाडीबरोबर खायचं काही चालणार नाही. डबे काढले, पेटी तेवढीच राहिली."

मोहिनीने एव्हाना फोन लावलासुद्धा होता. विमानात नुसतं वजन बघत नाहीत, पेटी जेवढी जागा अडवते तिचंही वजन धरतात, आणि दोन्हीतलं जे जास्त भरेल त्याचं भाडं घेतात. साधनाताई न पाठवलेल्या कुरडयांचं भाडं भरणार होत्या.

"माझा पहिला संशय कुरडयांवरच होता," मी म्हणालो. कुणी मनावर घेतलं नाही.

सुतार आला. त्याने आरसे आणि हँडल काढलं, फळ्या आत घेतल्या आणि अजून कितपत कापू म्हणून विचारलं.

"गोरक्षभाऊंना आत घाला," साधनाताई म्हणाल्या. "मावले तर अजून काप."

पहिल्या खेपेला मी कमरेपर्यंत गेलो, दुसऱ्या खेपेला खांद्यापर्यंत. शेवटी फक्त हात गेला, आणि भाडं साधनाताईंना झेपेल इतकं खाली आलं. ह्या प्रकरणात माझ्या न मावण्याचा वाटा मोठा आहे, हे नमूद करतो.

शेवटची फळी लावण्याआधी साधनाताईंनी सीटवरून हात फिरवला. "बसा एकदाचे विमानात," त्या हळूच म्हणाल्या.

मला पुन्हा गलबलून आलं. भिंग पुसायला खिशात हात घातला. ते पेटीत राहिलं होतं, आणि सुताराने शेवटचा खिळा ठोकला होता.