माझ्या मशीनचा ळ

वामनरावांनी मला फसवलं. शेजारी म्हणून मी त्यांना एक कोरं मराठी टाईपरायटर महिनाभर वापरून पाहायला दिलं. "कायेभाऊ, एक अक्षर इकडचं तिकडं होनार नाही," असा त्यांनी शब्द दिला, आणि एकही अक्षर जागेवर ठेवलं नाही.

माझं आडनाव काळे. वामनरावांच्या जिभेवर त्याचं काये होतं, त्याला माझी हरकत नाही. पण सीताबर्डीच्या फूटपाथवरून उठून मी टाईपरायटरचं दुकान उभं केलं आहे. माझ्याकडून कोणी साधी रिबन फुकट नेलेली नाही.

वामनराव रेडिओ दुरुस्त करतात. कंपनीनं जे जिथं बसवलं ते चुकलंच, हे ते धरूनच चालतात. त्यांच्या पंख्याचं बटण पलंगाच्या पायथ्याशी आहे. "अंगठ्यानं दाबतो. उठाचं काहून?"

आठवड्यानं ते दुकानात आले. "हा क तिकडं काहून बसवला गा? घरचा मानूस अन् दाराबाहेर? ठसा कापून, डाख देऊन इकडं जोडला. अन् जागेसाठी ळ काढला."

"ळ काढला?" मी ओरडलो.

"कोनाले लागते? आमच्या घरी डोये, केये, शाया. सारं चालून राहिलं ना!"

"ठसा कुठाय?"

"असन एखाद्या डब्यात."

मी हातगाडी घेऊन थेट आमच्या नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी गेलो. "मशीन उचलतो, आत्ताच्या आत्ता!" म्हणत आत शिरलो.

मशीनसमोर वामनरावांच्या पत्नी सुमनवहिनी बसल्या होत्या. पूर्वी त्या कचेरीत टायपिस्ट होत्या. लकव्यानंतर उजवा हात मांडीवर पडून असतो, आणि त्यांचं बोलणं कोणालाच कळत नाही. रोज लागणारी सगळी अक्षरं वामनरावांनी डावीकडे आणली होती. डावा हात चालला होता.

"थांबा गा," वामनराव हळूच म्हणाले, "ती बोलून राहिली."

कागदावर उमटलं : वरन अयनी हाय. किती डाव सांगू?

अळणी वरणाबद्दलचा तो टोमणा वामनरावांनी मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. "पाहा! भांडून राहिली! वर्ष झालं, भांडली नव्हती!" मग मीठ आणायला धावले आणि साखरेचा डबा घेऊन आले.

वहिनींनी पुढची ओळ मारली : कायेभाऊ, वरन नका खाऊ. चहा घ्या.

हातगाडी रिकामीच परत गेली. मशीन मी मागत नाही. पण ळ माझा आहे. तो कोणत्या डब्यात आहे, हे वामनरावांनी चार माणसांत सांगावं. माझं नाव त्यावाचून अडलं आहे.