हिवाळी मोहीम आणि आभाराचे भाषण यांची बखर

श्री. विद्येची देवता प्रसन्न असो, खेळाची देवता प्रसन्न असो, आणि कर्ण्याची देवता, जी या दोघींपेक्षा मोठ्याने बोलते, तिची अवकृपा न होवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावे तर शेजारची राज्ये हसतील, सबब लिहिले नाही. राज्य म्हणजे गावचे तरुण मंडळ. राजधानी म्हणजे समाजमंदिराचा कट्टा, सदर म्हणजे त्यामागील पत्र्याची खोली, आणि जामदारखान्यात दोन व्हॉलीबॉल, एक फाटकी जाळी, लेझमींची पोती व एक कर्णा, इतकी दौलत. गादीवर हणमंतराव अध्यक्ष होते. वय सव्वीस, बारावीस शिक्षण थांबलेले, घरची ज्वारी आणि दोन म्हशी, परंतु वाणी ऐसी की कर्णा हाती घेतला म्हणजे पारावरचे म्हातारे विडी विझवून ऐकत. राज्यात एरवी कोणी कोणाचे ऐकत नसे, म्हणून ही मोठीच गोष्ट जाहली.

त्या साली हिवाळा बहुत फौजेनिशी उतरला. पहाटे ओढ्याकडून धुके चालून आले आणि गल्लीगल्लीत ठाणी देऊन बसले, आणि पोरे गोधडीत मोर्चा धरून राहिली, ती ऊन आल्याशिवाय बाहेर पडेनात. हे वर्तमान कानी येताच हणमंतरावांनी मंडळाची मसलत बोलाविली आणि ठरविले की थंडी गनीम खरा, परंतु त्याच्यावरच स्वारी करून जावे. मग हिवाळी मोहीम नेमिली. पहाटे भरतीसाठी धावणे, सकाळी कबड्डी, सायंकाळी अभ्यासवर्ग, बुधवारी प्रथमोपचार, शनिवारी संगणकाची ओळख, आणि रविवारी वक्तृत्वाचा वर्ग, तो खासा हणमंतराव घेणार. वर्गाचे नाव त्यांनी सभाधीटपणा ऐसे ठेविले. फळ्यावर स्वहस्ते लिहिले की चार माणसांत उभे राहून मनातले बोलता आले पाहिजे. पोरांनी ते वहीत उतरून घेतले.

अभ्यासवर्गाची सरदारकी सारिकाबाईंकडे होती. सारिकाबाई म्हणजे हणमंतरावांची धाकटी बहीण, वय अठरा पुरे, बारावीस बसलेली. गणित तिच्या हातचा मळ. लहान पोरांस अपूर्णांक शिकवावे तर ती भाकरी मोडून शिकवी, आणि शिकवून जाहल्यावर ती भाकरी पोरे खाऊन टाकीत, आणि ज्यास उत्तर चुकले त्यासही तुकडा मिळे. दहावीच्या मुली तिच्याभोवती मोहोळासारख्या बसत. सारिकाबाईंस पुढे नर्सिंगला जायचे होते, आणि त्यासाठी फाल्गुनाच्या अलीकडे माघात बारावीचे पेपर होते, ते द्यायचे होते. इतकेच मागणे. राज्य नको, गादी नको, पेपर द्यायचे होते.

तुळशीचे लग्न लागले आणि मार्गशीर्षात स्थळ आले. मुलगा दूर शहरी कारखान्यात कायम, घर बरे, माणसे सरळ. सारिकाबाईंनी नाही म्हटले नाही. सुपारी फुटली. तिथीचे मात्र राहिले. भटजींनी पंचांग पाहून दोन मुहूर्त काढून दिले, एक माघात, पेपरांच्या आधी चार दिवस, आणि एक वैशाखात, पेपर होऊन निकालाची वाट पाहण्याच्या दिवसांत. मुलाकडचे बोलिले की आम्हास दोन्ही सारखे, मुलीकडच्यांनी सांगावे. मुलीकडचे म्हणजे गणपतआबा, या दोघांचे वडील. आबांचा कल माघाकडे होता. ते वाईट माणूस नव्हते, हे बखरकाराने आधीच लिहून ठेविले पाहिजे, कारण पुढे वाचणाऱ्यास राग येईल. आबांचे म्हणणे ऐसे की वैशाखात गावास पाणी नसते, वऱ्हाडाने हात कशाने धुवावे, आणि पेपर काय, दरसाल येतात. लग्न जाहल्यावर पेपरास जाईन म्हणावे तर सासरी नवी सून घरात आणि ती तिकीट काढून गावी पेपरास निघाली, हे कोणास बरे दिसेल.

मग सारिकाबाई भावाकडे आल्या. गोठ्यात म्हशीची धार काढणे चालले होते. ती म्हणाली की दादा, आबांना एवढेच सांग, वैशाख धरा. लग्न मोडा म्हणत नाही. हणमंतराव म्हणाले, सांगतो. बहिणीने विचारले, कधी. ते म्हणाले की पौष लागतो आहे, पौषात लग्नाची बोलणी कोणी करीत नाही, तिथी ठरावयास अजून महिना आहे, मी सवडीने गाठतो. बहीण निर्धास्त जाहली आणि वर्गावर गेली. यात एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या घरात मुलगा बापाशी समोर उभा राहून बोलत नसे. पेंड आणली काय, पाणी सोडले काय, इतकेच बोलणे, तेही दुसरीकडे पाहून. चार गावांच्या सभा गाजविणारे हणमंतराव, परंतु घरच्या उंबऱ्याच्या आत शिरले म्हणजे जिभेस कुलूप. लोक म्हणतात घरोघरी मातीच्या चुली, त्यातलाच हा प्रकार.

तरी त्यांनी यत्न केला नाही ऐसे नव्हे. एके सकाळी आबा उन्हास बसले असता हणमंतराव जवळ गेले, आणि खाकरले, आणि म्हणाले की थंडी फार आहे. आबा म्हणाले, आहे. मग कुमक म्हणून आईस पुढे घातले, तर आई म्हणाली की बाबा, तूच थोरला, तूच बोल, माझे कोण ऐकते. मग हणमंतरावांनी ठरविले की भरतीच्या पोरांची चाचणी होऊ दे, मग बोलू. चाचणी जाहली. मग म्हणाले की कबड्डीचे सामने होऊ देत. सामने जाहले आणि मंडळ उपान्त्य फेरीत हरले, त्याचे दुःख आठ दिवस पुरले. मग संक्रांत आली. सारिकाबाईंनी तीळगूळ हातावर ठेविला आणि काही विचारले नाही, फक्त पाहिले. हणमंतरावांनी तीळगूळ तोंडात टाकला आणि मंडळाची वाट धरिली.

तेव्हा त्यांस एक युक्ती सुचली. मंडळवाल्यासच सुचावी ऐसी युक्ती. घरात बोलता येत नाही तर मंचावर बोलावे. मोहिमेच्या सांगतेस मुलींच्या शिक्षणावर मेळावा भरवावा, आणि अध्यक्षस्थानी साक्षात गणपतआबांस बसवावे. शाल, श्रीफळ, फेटा. चार वक्ते मुलींनी शिकावे म्हणून बोलतील, आबा ते फेटा बांधून ऐकतील, स्वतःही दोन शब्द बोलतील, आणि एकदा सगळ्या गावादेखत बोलून गेलेला माणूस घरी येऊन उलटे कसे करील. ही मसलत चिटणीस किसनराव यांस सांगितली. किसनरावांनी डोके खाजवून विचारले की अध्यक्ष, त्यापरीस दोन मिनिटे घरात का बोलत नाही. हणमंतराव म्हणाले, तुला नाही कळायचे. खरेच किसनरावांस कळले नाही, आणि बखरकारासही आजवर कळले नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मेळावा भरला. मंडप घातला, लेझीम जाहली, कर्णा मंचावर मांडिला. आबा फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसले, ते खरोखर राजासारखे दिसले. एका बाजूस अभ्यासवर्गाच्या मुली, त्यांच्यात सारिकाबाई नवी ओढणी घेऊन. पंतोजी बोलिले, आरोग्यसेविका बोलिल्या, आणि एक पाहुणे बोलिले ते विषय सोडून खतांवर बोलिले, परंतु टाळ्या पडल्या. मग अध्यक्षीय भाषणास आबा उठले. आणि काय सांगावे, आबा बोलिले तर उत्तम बोलिले. म्हणाले की पोरगी शिकली तर दोन घरे उजळतात. म्हणाले की माझ्या आईस पोस्टकार्ड वाचता येत नव्हते, ते दुसऱ्याकडून वाचून घेताना ती पदराने तोंड झाकी, ते मला अजून दिसते. बायका डोळे पुसू लागल्या. सारिकाबाई ताठ बसल्या आणि भावाकडे पाहून किंचित हसल्या. हणमंतरावांस वाटले की गड आला.

आणि मग आबांनी कर्णा जवळ ओढला आणि त्याच सुरात म्हणाले, "आता समदा गाव हितं जमलाच हाय, तर घरोघर फिरायचा माझा त्रास वाचवा. माझ्या सारीचं लगीन माघ शुद्ध दशमीला धरलंय. हेच आवतान समजून समद्यांनी यायचं."

मंडपात टाळी पडली. टाळीची रीत ऐसी की अध्यक्षांच्या भाषणास मंडळाच्या अध्यक्षाने पहिली टाळी द्यावी, म्हणजे मागून लोक देतात. हात रीतीस सरावलेले. पहिली टाळी हणमंतरावांची पडली.

अजूनही काही गेले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत पुढले कलम आभारप्रदर्शन, आणि आभार हणमंतरावांकडे. ते उठले आणि कर्ण्यापुढे उभे राहिले, आणि मुलींच्या घोळक्यात सारिकाबाई उठून उभ्या राहिल्या. किसनराव खाली मान घालून वायर धरून बसले होते. चार शब्द पुरे होते. आबा, वैशाख धरा. इतक्या लोकांत आबा नाही म्हणाले नसते, फार तर हसून बघू म्हणाले असते, आणि बघू म्हटले म्हणजे अर्धे काम. हणमंतरावांनी तोंड उघडले. आणि ते म्हणाले की आजच्या कार्यक्रमास लाभलेले अध्यक्ष यांचे मी मंडळाच्या वतीने आभार मानतो. मग पंतोजींचे मानले, आणि आरोग्यसेविकांचे मानले, आणि खतांवरच्या पाहुण्यांचे मानले, आणि मंडपवाल्याचे, कर्णेवाल्याचे, लेझीम पथकाचे, चहावाल्या मावशीचे मानले, आणि ज्ञात अज्ञात सर्वांचे मानले. ऐसे आभार त्या राज्यात कधी जाहले नव्हते. आणि शेवटी म्हणाले की लग्नास सर्वांनी अगत्य येण्याचे करावे, पंगतीची व्यवस्था मंडळ करील. मग खाली बसले. सारिकाबाई केव्हा खाली बसल्या ते कोणी पाहिले नाही.

पुढे लग्न लागेतो सारिकाबाई अभ्यासवर्गावर रोज गेल्या. हळदीच्या आदल्या दिवशीही गेल्या, दहावीच्या मुलींस भूमितीचे एक प्रमेय राहिले होते, ते पुरे केले. भावाशी बोलणे तुटले नव्हते. जेवायला बस, शर्ट धुवायला टाक, इतके बोलत होत्या, आणि तेच हणमंतरावांस सोसेना. रडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरे वाटले असते. ते मंडळाचे काम करीत सुटले. लग्नात मंडळाची पोरे ऐसी राबली की वऱ्हाडी थक्क जाहले. पंगतीवर पंगती उठल्या, बुंदी कोठे कमी पडली नाही, पाणी भरपूर होते. आबा म्हणाले, बघा, म्हणून माघ धरला. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी हणमंतरावांची पाठ थोपटली आणि म्हणाले की भाऊ असावा तर ऐसा.

पाठवणीची वेळ आली. आई रडली, आबा खांबाआड जाऊन रडले, आणि मोठ्याने रडले, ते खोटे नव्हते. गाडीपाशी हणमंतरावांनी बहिणीची बॅग आत ठेविली आणि तेथेच उभे राहिले. त्यांस वाटले की आता तरी मन मोकळे करावे. म्हणाले, "सारे, आबांवर राग धरू नको. जुनं माणूस हाय."

सारिकाबाईंनी मुंडावळ्या बाजूस सारल्या. आवाज चढविला नाही. म्हणाल्या, "आबांवर माझा राग न्हाई, दादा. ते मला कवाच शीक म्हणाले नव्हते. दहावीनंतर मी घरी बसले हुते, चांगली भाकऱ्या थापत हुते. तू येऊन म्हणालास, शीक."

मग गाडी निघाली आणि ओढ्याच्या वळणावर धुक्यात शिरली. चौथ्या दिवशी बारावीचा पहिला पेपर जाहला.

सारांश. सदरहू हिवाळ्यात मंडळाने स्वारी केली ती सर्व बाजूंनी फत्ते. दोन पोरे भरती जाहली. तालुक्याने मुलींच्या शिक्षणाच्या कार्यास पहिला नंबर देऊन ढाल दिली, ती सदरेवर लाविली आहे, तिच्या वरती फेटा बांधलेल्या आबांची तसबीर आहे. अभ्यासवर्ग माघापासून बंद, शिकविणारे माणूस नाही. हणमंतराव अध्यक्षपदी कायम आहेत, परंतु वक्तृत्वाचा वर्ग घेत नाहीत, आणि कोणी कर्णा पुढे केल्यास किसनरावांकडे बोट दाखवितात. जैसे घडले तैसे लिहिले, कोणास थोर केले नाही, कोणास सोडिले नाही. वाचणाराच्या घरी बहीण असेल तर त्याने हे पान मिटावे आणि आधी तिकडे जावे.